मासळीचे हात

काही गोष्टी माझ्या फार लवकर डोक्यात जातात. जिन्यात मधोमध उभं राहून गप्पा मारणारी माणसं, आलं न घालता केलेला आल्याचा चहा, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरची बटणं. पहिल्या दोन्हींवर उपाय नाही. तिसऱ्यावर मी गेली कित्येक वर्षं माझ्यापुरता एक उपाय करत आले आहे.

पीडीएफ फाइल उघडून दाखवणारा एक छोटा प्रोग्राम आहे. तो एवढंच करतो. त्याला मेनू नाही, बटण नाही, मध्येच डोकावून 'काही मदत करू का' असं विचारणारा आगाऊपणा नाही. फाइल दिली की कागद समोर, बाण दाबला की पुढचं पान, संपलं. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना उघडा. वाचा, सुधारा, वापरा, कोणी अडवत नाही. मूळ लिहिणारा माणूस दूर कुठल्या तरी थंड देशात राहतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. ईमेलवर तो मोजकं बोलतो आणि कोणी काही नवं सुचवलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं, 'याची गरज नाही.' मला तो माणूस मनापासून आवडतो. दिवसभर मी लोअर परळच्या एका ऑफिसात बसून बटणं बनवते आणि सुटीच्या दिवशी त्याचं प्रायश्चित्त म्हणून या बिनबटणांच्या प्रोग्रामची झाडलोट करते.

गिरगावातला माझा मामा हा प्रोग्राम वापरणाऱ्यांत सर्वांत वयस्कर असावा. मामा एका छापखान्यात प्रूफरीडर होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि वर त्याचा पगार घेतला, असं मामी म्हणते. छापखाना बंद झाला, पण मामा बंद झाला नाही. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, हौशी कवींचे संग्रह, कोणाचं ना कोणाचं काही त्याच्याकडे येतच राहिलं. आधी कागदाच्या गुंडाळ्या यायच्या, मग पीडीएफ यायला लागल्या, तेव्हा मीच त्याला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात हा प्रोग्राम घातला. मामाने चार पानं पुढेमागे करून पाहिली.

"यात काही नाहीच गो," तो म्हणाला. "नुसता कागद."

मामाच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कोणाचीच ऐकलेली नाही. मीही चढले आणि छाती ठोकून म्हणाले, "एवढासा प्रोग्राम आहे मामा. चोर शिरायला यात जागाच नाही."

गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगाच नाही. गेल्या गणपतीच्या आधी मामाला कोणीतरी एक स्मरणिका पाठवली. फाइलचं नाव होतं 'अंतिम नक्की शेवटची'. अशा नावांची मामाला सवय होती. त्याने ती उघडली, आत कोरं पान निघालं, कॉम्प्युटर थोडा वेळ घरघरला, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एकही फाइल उघडेना. सगळ्यांची नावं बदललेली आणि आत नुसता कचरा. त्यात मामाने सहा वर्षं जमवलेली शब्दांची यादी होती. मामाचं लहानपण लालबागचं. गिरण्यांच्या साचेखात्यात, खानावळीत, नाक्यावर बोलले जाणारे आणि कुठल्याच कोशात न सापडणारे शब्द तो अर्थासकट टिपून ठेवत होता. त्यातले निम्मे चिठ्ठ्यांवर होते, ते वाचले. निम्मे नुसते कॉम्प्युटरवर होते, ते गेले.

त्या यादीची एक प्रत वेगळी काढून ठेवते, पुढच्या रविवारी नक्की, असं मी मामाला दोन वर्षं सांगत होते.

नंतर मी शोधाशोध केली तेव्हा कळलं ते असं. आमचा प्रोग्राम छोटा खरा, पण पीडीएफ वाचायचं किचकट काम तो स्वतः करत नाही. त्यासाठी तो दुसऱ्याच एका अवाढव्य कोडवर टेकलेला आहे, आणि भोक तिथे होतं. चोर तिथूनच शिरला हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण काळवेळ जुळत होती. आमचं घर चिमुकलं होतं, पण मागची भिंत परक्याच्या वाड्याची होती आणि मी तिकडे कधी बघितलंच नव्हतं.

मामाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कॉम्प्युटरवर मामीने भरतकाम केलेला रुमाल घातला आणि जो येईल त्याला 'मी आता निवृत्त झालो' म्हणून सांगायला सुरुवात केली. आणि चुका काढल्याशिवाय त्याला करमेना, म्हणून तो मामीच्या चुका काढायला लागला. पोळीचा आकार, दिव्याची वात, दुधाच्या पिशवीवर कात्री कुठे मारायची इथपर्यंत. दोन महिन्यांनी मामीचा मला फोन आला.

"तू काय वाट्टेल ते कर, पण यांना कामाला लाव. नाहीतर मी तुझ्याकडे लालबागला राहायला येते."

त्याच सुमाराला नायगावच्या बाईंचा निरोप आला होता. या निवृत्त शिक्षिका, बीडीडी चाळीत आयुष्य काढलेल्या. चाळ पाडून तिथे टॉवर होणार, त्यांच्या इमारतीची पाळी आली होती. बाईंनी चाळीवर एक पुस्तक लिहिलं होतं. खोल्या रिकाम्या करण्याआधी सगळे बिऱ्हाडकरू खालच्या मैदानात एकदा शेवटचं एकत्र जेवणार होते, आणि त्या दिवशी प्रत्येक घराच्या हातात हे पुस्तक द्यायचं असं बाईंच्या मनात होतं. प्रूफं मात्र मामानेच बघायला हवीत.

"त्यांनी एकदा माझी अख्खी कविता खोडली होती," बाई मला फोनवर म्हणाल्या. "आणि बरोबर खोडली होती. मला दुसरं कोणी नको."

छापायला द्यायची तारीख अडीच महिन्यांवर होती. मी म्हटलं, बाई, मी त्यांना कागदावर छापून देते. पण बाई रोज काही ना काही बदलत होत्या, अजून आठवणी सांगायला शेजारी येत होते, आणि नवीन फाइल दर दोन दिवसांनी निघत होती. एवढे कागद छापत बसलो असतो तर चाळ पडली असती आणि पुस्तक राहिलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला मामाच्या समोरचा तो रुमाल उचलला गेलेला पाहायचा होता. कागद दिले असते तर त्याची भीती तिथेच राहिली असती, आणि माझा अपराधही.

रविवारी मी बसने गिरगावात गेले. मामी मोरीशी बांगडे साफ करत बसली होती, मामा खुर्चीत बसून ती ते कसे चुकीचे साफ करते आहे ते बघत होता. मी त्याला म्हटलं, मी त्या प्रोग्रामला बांधून घालणार आहे. परक्याची फाइल उघडली की त्याला दुसऱ्या कशालाही हात लावता येणार नाही, असं करणार आहे. याला सँडबॉक्सिंग म्हणतात.

"माका नको तो कॉम्प्युटर," मामा म्हणाला. आणि मग त्याच्याच्याने राहवेना. "म्हणजे कसं बांधणार?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतल्या खोलीत मामीचा फोन वाजला. मामी बसल्या जागेवरून ओरडली, "बघ गं कोणाचा आहे! माझे हात मासळीचे आहेत."

"असं," मी मामाला म्हटलं.

मामी मासे साफ करायला बसली की कशालाही हात लावत नाही. फोन नाही, कपाट नाही, डोळ्यावर आलेली बट नाही, देवघर तर नाहीच. समोर फक्त मासा आणि विळी. आमच्या प्रोग्रामचंही तसंच करायचं होतं. बाहेरची फाइल ही मासळी. ती हातात घेण्याआधी प्रोग्रामने स्वतःच कॉम्प्युटरला सांगायचं की आता इथून पुढे मला काहीही लिहू देऊ नकोस, दुसरी कुठलीही फाइल उघडू देऊ नकोस, इंटरनेटकडे बघू देऊ नकोस. आणि मी तरीही हात लावलाच तर मला जागच्या जागी मार. हे वचन एकदा दिलं की परत घेता येत नाही. फाइलमध्ये चोर असला आणि त्याने प्रोग्रामला आतून ताब्यात घेतलं, तरी त्याच्या हाती काय लागणार? बांधलेले हात.

मामाने मोरीकडे एकदा पाहिलं. "म्हणजे चोर घरात येईल, पण त्याला नुसतं बसून राहावं लागेल."

"हो."

"पाहुण्यासारखं."

"चहा न दिलेल्या पाहुण्यासारखं," मामी मोरीतून म्हणाली.

महिनाभर मी सुट्ट्यांच्या सकाळी त्यावर घालवल्या आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मी फार खुशीत होते. ऑफिसात मी जे करते ते कोणाला हवं असतं हे मला कधी कळलेलं नाही. हे कोणाला हवं आहे ते मला पक्कं माहीत होतं, तो गिरगावात खुर्चीत बसून दुधाच्या पिशवीवर टीका करत होता. काम झालं तेव्हा मी दहाबारा इंग्रजी फाइली उघडून पाहिल्या. सगळ्या झक्क उघडल्या. मग मोठ्या ऐटीत मामाकडे गेले, रुमाल स्वतःच्या हाताने काढला, कॉम्प्युटर पुरता पुसून नवा प्रोग्राम घातला आणि मेलमध्ये राहिलेली एक जुनी, चांगली, ओळखीच्या माणसाची स्मरणिका उघडली.

पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. रिकामे, एकसारखे, ओळीने मांडलेले.

मामाने चष्मा सारखा केला. "हे काय? चाळ?"

मी आणखी एक फाइल उघडली. तिथेही चौकोनच.

"सुरक्षित आहे पण," मामा म्हणाला. "चोर राहू दे, लिहिणाऱ्यालाही वाचता येणार नाही."

घोळ काय झाला ते कळायला मला पाच मिनिटं लागली आणि पटायला अर्धा तास. जगभरातली शहाणी माणसं पीडीएफ बनवताना त्यातल्या अक्षरांचे फॉन्ट फाइलच्या आत भरून पाठवतात. आमच्याकडे तसं होत नाही. गिरगाव काय आणि दादर काय, मराठी अक्षरजुळणी करणारे सगळे गेली कित्येक वर्षं तेच चारपाच फॉन्ट वापरतात आणि ते प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर असतातच. मग आत कशाला भरायचे? शेजारी जेवायला जाताना कोणी आपला पाटा-वरवंटा बरोबर नेतं का? तर फाइल म्हणायची, अमुक फॉन्ट तुझ्या कपाटातून काढ. आणि प्रोग्राम कपाटापर्यंत जाऊ शकत नव्हता, कारण मीच त्याचे हात बांधले होते.

मी थंड देशातल्या त्या माणसाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'फॉन्ट आत न भरता फाइल कोण पाठवतं?'

मी लिहिलं, 'आमची अख्खी गल्ली.'

त्यावर त्याने पहिल्यांदाच एक हसरं चिन्ह पाठवलं. पण उपाय काही पाठवला नाही.

मी पुढचा आठवडा चिडचिड करत काढला. हात सैल बांधावेत, तर चोरालाही सैल. फाइलला आधी विचारावं की तुला कुठला फॉन्ट हवा, तर विचारण्यासाठी तिला उघडावी लागणार, म्हणजे हात आधीच मासळीचे. रविवारी पुन्हा गिरगावात गेले ती हात हलवत. मामीने पाटावर सुरमई आणून ठेवली होती आणि ती अजून विळीवर बसली नव्हती. ओट्यापाशी तिची लगबग चालली होती. मीठ काढलं, हळद काढली, कोकमाच्या आगळाच्या बाटलीचं झाकण सैल केलं, पातेलं खाली घेतलं, त्यावरची झाकणी बाजूला काढून ठेवली.

"मामी, अजून मासा कापलाही नाहीस, आणि हे सगळं आत्ता कशाला?"

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला शाळेत असल्यापासून ओळखीची आहे. "मग केव्हा काढू? हात मासळीचे झाल्यावर? एवढी शिकलीस तू, पण स्वयंपाकघरात तुला कोणी उभंसुद्धा करणार नाही."

मी पाटाशीच उभी राहिले. मग मी मामीला मिठी मारली, आणि तिच्या हातात हळदीचा डबा होता त्यामुळे दोघीही पिवळ्या झालो. फाइलला विचारायचंच कशाला? ती हातात घेण्याआधी कपाटातले सगळे फॉन्ट बाहेर काढून समोर मांडून ठेवायचे. लागतील ते लागतील, उरलेले पडून राहतील. मग हात बांधायचे आणि मग मासळीला हात लावायचा. मी महिनाभर हात कसे बांधायचे याचाच विचार करत होते. त्याच्या आधी काय करायचं हा विचार मामी रोज सकाळी दहा वाजता करत होती.

दुपारी जेवून उठेपर्यंत माझ्या लॅपटॉपवर मराठी अक्षरं दिसायला लागली. सुरमई अप्रतिम झाली होती.

आता गाडी रुळावर आली असं मला वाटलं आणि मी सगळी दुरुस्ती त्या माणसाकडे पाठवली. त्याने ती घेतली तरच पुढची प्रत्येक नवी आवृत्ती आपोआप मामाकडे सुरक्षित येणार होती. नाहीतर माझा एकटीचा ठिगळ लावलेला प्रोग्राम मला जन्मभर सांभाळावा लागला असता, आणि माझ्या 'पुढच्या रविवारी'वर मामाचा भरवसा का असावा? त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. 'कल्पना चांगली आहे. फार लांब आहे. निम्मं कर.'

निम्मं कसं करायचं? मी प्रत्येक ओळ विचार करून लिहिली होती. सगळा कोड कागदावर छापून घेतला, कारण नीट वाचायचं तर मला कागद लागतो, हे मामाकडूनच आलेलं. तो गठ्ठा घेऊन गिरगावात गेले, टेबलावर टाकला आणि मामीबरोबर गॅलरीत चहा प्यायला बसले. बाईंच्या तारखेला तीन आठवडे उरले होते. मामी खालच्या आवाजात म्हणाली, काल बाईंचा फोन आला होता, हे बोललेच नाहीत, नुसता फोन कानाला लावून उभे राहिले.

आत आलो तर मामा टेबलाशी बसलेला. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि हातात लाल पेन. ते पेन मी गणपतीनंतर पाहिलं नव्हतं.

"मामा, तो कोड आहे. प्रोग्रामची भाषा."

"माहीत आहे. मला यातलं ओ का ठो कळत नाही." त्याने मान वर केली नाही. "पण हे इथे आहे ना, हेच मागच्या पानावर येऊन गेलंय. आणि हे पुन्हा इथे. शब्दाला शब्द तेच, फक्त एक नाव बदललंय. तीनदा कशाला सांगतेस? वाचणारा काय बहिरा आहे?"

मी वाकून पाहिलं. त्याने तीन ठिकाणी समासात उभी लाल रेघ ओढून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तिन्ही ठिकाणी मी खरोखर तेच काम तीन वेगळ्या गोष्टींसाठी लिहून काढलं होतं. एकदाच लिहून तीनदा वापरता आलं असतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते.

"आणि ही बडबड काय आहे?" त्याने एका टिपेवर पेन ठेवलं. कोडच्या वर मी इंग्रजीत सात ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं होतं, जरा ऐटीत.

"ती समजावून सांगायला."

"खाली जे लिहिलंय ते नीट लिहिलं असतंस तर हे लागलं असतं का?"

मामाने सात ओळींवरून रेघ मारली आणि टोकाला तो खोडायचा वाटोळा पीळ काढला. पूर्वी तो पीळ पाहून कवी हुज्जत घालायला छापखान्यात यायचे, हे मी ऐकून होते.  मला मात्र तो पाहून असा आनंद झाला की मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. मामी दारात उभी होती. तिने हळूच आत जाऊन त्याच्यासाठी परत चहा टाकला.

चार वाजेपर्यंत आम्ही दोघं कापत बसलो होतो. मामाला भाषा येत नव्हती, पण पाल्हाळ कुठल्याही भाषेत ओळखता येतं म्हणाला. निम्म्याहून कमी उरलं. त्या माणसाला मी पाठवलं आणि खाली लिहिलं की हे कापण्याचं काम आमच्याकडच्या एका निवृत्त प्रूफरीडरने केलं आहे, त्याला कोडचं एक अक्षर कळत नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं, 'घेतलं.' आणि खाली, 'त्यांना विचार, बाकीचा प्रोग्राम वाचतील का.'

मी हे मामाला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्याला ते माहीत होतं.

उरला होता तो खरा प्रश्न. बाईंची फाइल मामाच्या मेलमध्ये येऊन पडली होती आणि मामा ती उघडत नव्हता. मी किती सांगितलं तरी त्याचं एकच, "तू मागेही छाती ठोकली होतीस."  शेवटी तो म्हणाला, "मला पकडलेला चोर दाखव."

म्हणून मी चोर बनवला. प्रोग्रामच्या दोन प्रती तयार केल्या आणि दोन्हींच्या पोटात मुद्दाम एक लबाडी घातली. फाइल उघडली रे उघडली की टेबलावरची एक चिठ्ठी खोडून टाकायची. एका प्रतीचे हात मोकळे, दुसरीचे बांधलेले. चिठ्ठी मामाने स्वतः टाइप केली, 'ही चिठ्ठी खोडणाऱ्याचे वाटोळे होवो.' मोकळ्या हातांच्या प्रतीत आम्ही एक लग्नपत्रिका उघडली. पत्रिका सुंदर दिसली आणि चिठ्ठी नाहीशी झाली. मामाचा चेहरा उतरला. गणपतीच्या आधीचा तोच चेहरा होता. मी घाईघाईने नवी चिठ्ठी ठेवली आणि बांधलेल्या प्रतीत तीच पत्रिका उघडली. खिडकी क्षणभर आली आणि फट्कन नाहीशी झाली. चिठ्ठी जागच्या जागी.

"चोर मेलो?" मामाने विचारलं.

"मेलो."

"कोणी मारलं?"

"कॉम्प्युटरने. हात लावला म्हणून."

"परत मार."

मी परत मारला. मामाने मग मला बाजूला सारून स्वतः मारला. सहा वेळा, सात वेळा. मग त्याने मामीला बोलावलं, "ये गो, चोर बघ," आणि तिच्यासमोर मारला. शेजारच्या खोलीतले आजोबा आले, त्यांच्यासमोर मारला. समोरच्या वहिनी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागल्या. पण त्यात टिपण्यासारखं काहीच नव्हतं, एक खिडकी येत होती आणि जात होती. तरी दर वेळी सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्या कुठल्याही कामाला कधी टाळ्या मिळालेल्या नाहीत, आणि इथे मी एक प्रोग्राम मरतो हे दाखवून वाहवा घेत होते.

गर्दी पांगली. मामा खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि मग माझ्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "शंभर टक्के?"

हो म्हणायचा मोह मला फार झाला. बाईंच्या तारखेला दोन आठवडे होते, मामीने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "शंभर टक्के काही नसतं मामा. मी मागे खोटं सांगितलं होतं. खोटं म्हणजे, मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. तुझी यादी त्यात गेली. मला फार वाईट वाटतं त्याचं."

इतके महिने मी हे म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर मला रडू आलं, आणि मी रडले तेही मोठ्याने. मामाने मला रडू दिलं. त्याला मध्ये बोलून वाक्य तोडायची सवय नाही.

"आणि या वेळी सगळ्यात वाईट काय होईल?" त्याने मग विचारलं.

"ही फाइल खराब असेल तर प्रोग्राम मरेल. ही फाइल वाचता येणार नाही. बाकी सगळं जिथल्या तिथे राहील. आणि सगळ्याची प्रत मी काल काढून ठेवली आहे, ती माझ्याकडे लालबागला आहे."

"म्हणजे बुडालं तर एकच पुस्तक बुडेल. आणि ते बाईंकडे आहेच."

"हो."

"मग शंभर टक्के कशाला हवं," मामा म्हणाला आणि त्याने फाइल उघडली.

अक्षरं आली. एकही चौकोन नाही. पहिल्या पानावर बाईंच्या चाळीचा जिना होता, त्यावर कोण कुठल्या पायरीवर बसायचं याची गोष्ट. मामा वाचायला लागला. वाचता वाचता तो हसला, तोंड दाबून नाही, खदाखदा. मामी जवळ गेली आणि खांद्यावरून वाकून बघायला लागली, "काय लिहिलंय हो? मला सांगा ना."  मामाने टेबलावरची वही ओढली, लाल पेनाचं टोपण काढलं, पान क्रमांक लिहिला, त्याखाली काहीतरी लिहिलं, आणि बाण दाबून पुढचं पान घेतलं. मी विचारलं, मामा, बाईंना फोन करून सांगू का? त्याने पडद्यावरून डोळे न काढता डावा हात वर केला.

"दार ओढून घ्या दोघी," तो म्हणाला. "मी कामावर आहे."

मामीने दार ओढून घेतलं. गॅलरीत येऊन तिने पदराने डोळे पुसले, आणि मग बाईंचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.